वरवंटाच का? कहाण्यांमधल्या बायकांबद्दल एक प्रश्न

ओटल्यावरची

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. सासर दांडिया बाजारात, माहेर पण इथलंच, त्यामुळे माझं मराठी जरा गुजराती वळणाचं आहे, सांभाळून घ्या.

तर परवा श्रावणातला शुक्रवार. जिवतीचा कागद लावला, आघाड्याची माळ घातली, चणेगूळ ठेवला आणि लेकीला म्हटलं बस, कहाणी वाचते. नऊ वर्षांची आहे, शाळा गुजराती-इंग्रजी, त्यामुळे दर ओळीला "म्हणजे काय" चालू. पण ती राणी मूल होत नाही म्हणून पोटाला कापडं बांधते, सुईणीशी संगनमत करते, भुयार खणवते, गरीब ब्राह्मणीचे डोळे बांधून तिचं बाळ पळवतात आणि जागी वरवंटा ठेवून सांगतात की बाई तुला वरवंटा झाला, इथे मात्र ती एकदम उठून बसली. म्हणे, मम्मी वरवंटाच का? आणि त्या आईने मानलं कसं?

मला काही सुचेना. कधी विचारच केला नव्हता ना, लहानपणापासून ऐकतोय आणि शेवटी साठा उत्तराची म्हणून मोकळे. मग रात्री अख्खं कहाणीसंग्रहाचं पुस्तक चाळलं तर वाटलं या बायका फिरून फिरून त्याच आहेत. नावडती सून, माहेर नसलेली धाकटी सून, भावाने पंगतीत लाज काढलेली गरीब बहीण, मूल गेलेली आई. राजपुत्राला कसं, घोडा मिळतो, राक्षस मिळतो, अर्धं राज्य मिळतं. हिला काय तर वसा आणि उतू नको मातू नको. हे असे ठरलेले साचे आहेत का? आणि वरवंट्याचं उत्तर असेल तर प्लीज सांगा, रोज विचारतेय.

सुरसागरकाठी

वरवंट्याचं मी सांगते. तुमच्या लेकीचं बारसं आठवा. आमच्याकडे तरी आधी वरवंट्याला कुंची घालून, काजळाची तीट लावून, बायका पाळण्याच्या खालून वरून एकमेकींना देतात, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या करत, आणि मग खरं बाळ पाळण्यात. त्याच्याही आधी पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा. म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत वरवंटा आधीपासूनच बाळाच्या जागी असतो! त्या सुईणीने कुठला तरी धोंडा उचलून आणला नाही, जी वस्तू बाळ म्हणून मिरवायची तीच बाळ म्हणून गळ्यात मारली. ही गोष्ट रचणारी बाई बाळंतिणीच्या खोलीत बसलेली असणार, दुसऱ्या कुणाला हे सुचणारच नाही.

आणि मानलं कसं म्हणाल तर मानलं कुठे? ती भांडत नाही एवढंच, कुणाशी भांडणार, राणीशी? ती दर शुक्रवारी चारी दिशांना अक्षता टाकते की जिथे माझं बाळ असेल तिथे खुशाल असो. वरवंटा झाला असं खरंच वाटलं असतं तर अक्षता कुणासाठी टाकल्या? शिवाय नेम धरते, हिरवं नेसायचं नाही, हिरव्या बांगड्या नाहीत, कारल्याच्या मांडवाखालून जायचं नाही, तांदळाचं धुवण ओलांडायचं नाही. पुढे मुलगा राजा होतो, काशीला निघतो, वाटेत एका घरी दारात आडवा झोपतो, त्या घरची बाळं पाचव्या-सहाव्या रात्री सटवी नेत असते. ती येते आणि म्हणते कोण हे वाटेत पसरलंय, तर जिवती आडवी येते, माझं नवसाचं बाळ आहे, ओलांडू देणार नाही म्हणून. परत पाचवीची रात्र बघा.

आणि शेवटी गावजेवणाला सगळ्या बाया आल्या तरी ही एकटी येत नाही, या नेमांमुळेच, म्हणून राजा स्वतः लक्ष घालतो, ती येते आणि तिला पान्हा फुटून धार थेट त्याच्या तोंडात. साक्षीदार नाही, पुरावा नाही, सुईण कबूल होत नाही. दूधच बोलतं.

जाताजाता, माझी आई अजून अक्षता टाकते, भाऊ कॅनडात आहे. चारी दिशांना टाकायच्या म्हणून बरंय, नाहीतर बडोद्यातून कॅनडा कुठल्या बाजूला ते फोनवर बघायला लागलं असतं.

मकरपुरा_लोकल

वा, मस्त. मी थोडं शेजारचं सांगतो, आमच्या सोसायटीत तीन घरं मराठी आणि बाकी सगळे गुजराती, त्यामुळे आई दोन्हीकडच्या कहाण्या ऐकून आलेली. शीतळा सप्तमी आपली श्रावण शुद्धात, त्यांची सातम वद्यात, आदल्या दिवशी रांधण छठ, चूल थंड करून दुसऱ्या दिवशी गार खायचं. देवी एकच पण कहाणी पूर्ण वेगळी.

आपली अशी की राजा तळं बांधतो, पाणी लागत नाही, जलदेवता म्हणतात सुनेचा थोरला मुलगा दे. सून देणार नाही हे राजाला माहीत, म्हणून तिला माहेरी पाठवतो आणि मागे नातू बळी देतो. पाणी येतं. सून परतताना तळ्याकाठी पूजा करते, काकडीच्या पानावर दहीभात ठेवून पाण्यात सोडते आणि म्हणते आमच्या वंशातलं कुणी बुडालं असेल तर परत मिळू दे, तर पोर येऊन तिच्या पायालाच बिलगतं.

गुजरातीत धाकटी सून रात्री चूल विझवायला विसरते, शीतळामा राखेत लोळायला येते ती भाजते, शाप देते, सकाळी पाळण्यात पोर जळालेलं. ती ते टोपलीत घेऊन देवीला शोधत निघते. वाटेत दोन तळी, त्यांचं पाणी कुणी पीत नाही, विचारते तर कळतं की मागच्या जन्मी जावाजावा होत्या, ताकात पाणी घालून द्यायच्या. मग दोन बैल, गळ्यात जात्याचे दगड बांधलेले, का तर शेजारणीला जातं वापरू द्यायच्या नाहीत. नंतर झाडाखाली एक म्हातारी डोकं खाजवत बसलेली, ही मूल तिच्या मांडीवर ठेवून उवा बघते, म्हातारीच्या डोक्याला गारवा मिळतो आणि पोर रडायला लागतं.

मला दुसरीतली पापं आवडतात. ताकात पाणी घालणं! पुराणात असली पापं मिळतील का कुठे.

आणि पाण्याचं निघालंच आहे तर जसमा ओडण पण आठवली, पाटणचा सहस्रलिंग तलाव खणणारी. गुजरातचा राजा सिद्धराज जयसिंह मागे लागतो, ती ऐकत नाही, शेवटी स्वतःला संपवते आणि तलावाला शाप देते की तुझ्यात पाणी राहणार नाही. भवाईत, म्हणजे गुजराती लोकनाट्यात, दाखवतात हे. एकीकडे बाईचं पोर घेतल्यावर पाणी येतं, दुसरीकडे बाईच्या शापाने आटतं.

गारभात

सगळं छान पण एक सांगू का, तुम्ही लोक फार गोड करून सांगताय. शिवामुठीची नावडती बघा. उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, गुरांच्या गोठ्यात राहायला. आणि ती मागते काय? सासू-सासरा, दीर-भावा, नणंदा-जावा, नवरा सगळ्यांची आवडती कर. एकदा तरी म्हणाली का की मला नकोत ही माणसं? मला लहानपणी पण राग यायचा आणि आता लग्नानंतर जास्त येतो, सासरी पहिल्या श्रावणात मला मुद्दाम हीच वाचायला दिली होती हे वेगळं. सोशिक राहा, फळ मिळेल, हे मुलींच्या कानात घालायचं साधन आहे.

सुरसागरकाठी

@गारभात राग बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण शुक्रवारचीच दुसरी कहाणी घ्या ना. भाऊ सहस्रभोजन घालतो, गरीब बहीण पोरं घेऊन पानावर बसते तर हा म्हणतो तुला लेणं नाही नेसणं नाही, लोक हसतात, आणि तिसऱ्या दिवशी हात धरून हाकलतो. पुढे तिला पैसा येतो, मग लगेच आमंत्रण. ती जाते, शालू-दागिने काढून पाटावर मांडते आणि एकेक पदार्थ एकेका दागिन्यावर ठेवायला लागते. हे काय करतेस? तर म्हणे ज्यांना जेवायला बोलावलंस त्यांना वाढतेय. भर पंगतीत! ही सोशिक वाटते का तुम्हाला.

लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी एक फार नेमकं टिपून ठेवलंय, की नायकाची गोष्ट लग्नापाशी संपते आणि बाईची गोष्ट लग्न झाल्यावर सुरू होते, आणि तिला छळणाऱ्याही बहुतेक बायकाच. ओटल्यावरची ताईंच्या घोडा-राक्षसाचं उत्तर मला तरी तिथेच दिसतं. राक्षस हिलाही आहे, पण तो त्याच स्वयंपाकघरात राहतो आणि रोज त्याला जेवायला वाढायचं असतं.

गारभात

दागिन्यांची विसरलेच होते. ती आवडते मलाही. शिवामुठीबद्दल मत कायम 😄

ओटल्यावरची

सगळ्यांना थँक्यू. गारभात, पुढच्या वर्षी दागिन्यांची तुम्हीच वाचा मोठ्याने, सगळे जेवायला बसले की.

बारशाचं लेकीला सांगितलं तर म्हणे दाखव. आता मिक्सर आल्यापासून वरवंटा कुणी बघितलाय, शेवटी माळ्यावर जुन्या घमेल्यात सापडला. धुतला, तर तिने बाहुलीचा फ्रॉक काढून त्याला घातला आणि रात्री शेजारी घेऊन झोपली, मी म्हटलं अगं पायावर पडेल तर ऐकेना. पाटा मात्र मिळत नाहीये, सासूबाई म्हणतात भंगारात दिला नाही, आणि मी तर दिलाच नाही. आता रोजचा नवीन प्रश्न, याचं नाव काय ठेवायचं.