जुनी स्टीलची रोड सायकल घ्यायची आहे: रेनॉल्ड्स 531 की कोलंबस?

पांदणवाला:
नमस्कार मंडळी. अंजनगाव सुर्जीजवळ खेड्यात राहतो, शाळेत शिकवतो. वजन 82 किलो. शाळेचं जाणं-येणं रोज 22 किलोमीटर, त्यातली 3 किलोमीटर पांदण. रविवारी जमेल तेव्हा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. या हिवाळ्यात नागपूरची 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, साडेतेरा तासांच्या आत पुरी करायची, हे डोक्यात पक्कं बसलंय.

दोन फ्रेम नजरेत आहेत, एक रेनॉल्ड्सच्या आणि एक कोलंबसच्या स्टील पाइपांची. एक नागपुरात, एका घरी वीस वर्षं माळ्यावर पडलेली हिरवी इंग्लिश फ्रेम, तिच्यावर रेनॉल्ड्स 531 चं स्टिकर. दुसरी पुण्यात, इटालियन. स्टिकर अर्धं गेलंय, कोलंबसची खूण असलेलं कबूतर तेवढं दिसतं. विकणारा म्हणतो कोलंबसचा एसएलएक्स हा भारी पाइपसंच आहे, आणि भाव जवळजवळ दुप्पट सांगतो. एका मित्राचं म्हणणं की माझ्या वजनाला 531 लवचीक पडेल, कोलंबसचं स्टील कडक असतं. हे खरं आहे का? आपल्या रस्त्यांना कोणता ग्रेड टिकेल?

लेथवाला अकोला:
गुरुजी, आधी मित्राची ती गोष्ट मनातून काढून टाका. कडकपणाच्या हिशेबात सगळं स्टील सारखंच. साधं काळ्या सायकलचं घ्या, 531 घ्या नाहीतर कोलंबस, लवचिकतेचा गुणांक साधारण 200 गिगापास्कलच्या आसपासच राहतो. फ्रेम किती वाकेल हे पाइपचा व्यास आणि भिंतीची जाडी ठरवते. ग्रेडने बदलते ती ताकद. साधं कमी कार्बनचं स्टील 400 मेगापास्कलच्या आसपास तुटतं, 531 साधारण 700 ते 900 पर्यंत जातं. ताकद जास्त म्हणून भिंत पातळ ठेवता येते, आणि वजन उतरतं ते त्या पातळ भिंतीमुळे.

531 हे बर्मिंगहॅमचं, 1935 सालचं मँगनीज-मॉलिब्डेनम स्टील. कोलंबस मिलानचं, एसएल आणि एसपी हे त्यांचे क्रोमोलीचे, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम स्टीलचे पाइपसंच. पाइप बटेड असतो, म्हणजे जोडाजवळ जाड आणि मधे पातळ. एसएलचा खालचा पाइप टोकांना 0.9 आणि मधे 0.6 मिलिमीटर, एसपीचा 1.0 आणि 0.7. 531 सी, म्हणजे 531 चाच रेसिंगचा संच, त्याचा खालचा पाइपही 0.9 आणि 0.6 चाच. म्हणजे एसएल आणि 531 सी शेजारी ठेवले तर डोळे मिटून चालवणाऱ्याला फरक सांगता येणार नाही, असं मी ठामपणे म्हणतो. तुमच्या वजनाला फरक पडेल तो एसपीने, कारण भिंत जाड आहे. उंच फ्रेम आणि वजनदार माणूस यांच्यासाठी एसपीच वापरत.

आता स्टिकर नीट वाचा. 531 ची स्टिकरं एकसारखी नसतात. काहींवर बटेड पाइप, पुढचा चिमटा आणि मागचं चाक धरणारे बारीक पाइप म्हणजे स्टे, सगळं 531 चं असं लिहिलेलं असतं. काहींवर फक्त तीन मुख्य पाइप, तेही एकाच जाडीचे. आकडा तोच, फ्रेम वेगळी. 501 असेल तर ते क्रोमोली आहे, वाईट नाही, पण 531 चा भाव त्याला देऊ नका.

स्टिकरपेक्षा व्हर्नियर खरं बोलतो. सीट पिलर, म्हणजे सीटखालची दांडी, काढून त्याचा व्यास मोजा. सीटचा पाइप बाहेरून 28.6 मिलिमीटर असतो. भिंत 0.6 असेल तर आत 27.4 उरतात आणि 27.2 चा पिलर बसतो. 27.0 आला तर एसपीसारखी जाड भिंत समजा. 26.4 किंवा त्याहून कमी आला, तर वरचं स्टिकर काहीही म्हणो, पाइप जाड आणि साधा आहे. फ्रेमच्या तोंडावर मोजू नका, क्लॅम्प आवळून तिथे तोंड दबलेलं असतं.

आणि एसएलएक्स ओळखणं तर सोपं. बीबी, म्हणजे पायडलचा आस फिरतो तो बॉटम ब्रॅकेट, काढायला लावा आणि टॉर्च मारून फोटो मागवा. पाइपांच्या टोकांना आतून पिळाच्या रेघा दिसल्या पाहिजेत, बंदुकीच्या नळीत असतात तशा. आत गुळगुळीत असेल तर ते एसएलएक्स नाही.

मोर्शीचा गडी:
लेथवाले भाऊ बरोबर सांगून राह्यले, पण मी म्हणतो ग्रेड नंतर पाहा जी, टायर आधी पाहा. पांदणीत 3 किलोमीटर रोज जायचं, तर 28 मिलिमीटर रुंद टायर बसलाच पाहिजे. रेसच्या इटालियन फ्रेमात 25 च्या वर सहसा जात नाही, अन् पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल ब्रेकपाशी असा भरते की चाकच फिरत नाही. मी स्वतः सायकल खांद्यावर घेऊन आलो हावो.

अजून एक. जुन्या इंग्लिश फ्रेमला 27 इंची चाक असू शकते. आजच्या रोड सायकलच्या 700 सी चाकाची रिम 622 मिलिमीटरची, त्याची 630, अन् आपल्या काळ्या सायकलची 28 इंची 635. तिन्ही वेगळे. गावच्या दुकानातला टायर बसन म्हणून भरोसा ठेवू नका.

नागपूर पहाटे पाच:
मी एसएलवर ब्रेव्हे केल्या आहेत, वजन 61. माझ्या वजनाला ती उत्तमच वाटली. पण एकदा उभ्या मोटरसायकलचं हँडल दांडीवर पडलं आणि मधल्या पातळ भागात सुपारीएवढा खड्डा पडला. जाड पाइपला ओरखडाच पडला असता. एसटीच्या टपावर सायकल टाकणार असाल तर हे लक्षात ठेवा.

फ्रेम पाहताना हेडच्या, म्हणजे हँडलखालच्या आखूड पाइपच्या, मागे खालच्या पाइपखालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर समोरून धडक बसलेली आहे. तिथे ग्रेड कोणताही असो, परत या. आणि चीर गेली तर तालुक्याच्या आर्क वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. 531 चे जोड लगमध्ये, म्हणजे जोडावरच्या बाहीत, पितळेने किंवा चांदीने झाळलेले असतात, आर्कच्या उष्णतेने पाइप जोडाशेजारीच ठिसूळ होतो.

पांदणवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी नागपूरला व्हर्नियर घेऊन गेलो. पिलर गंजाने धरला होता, रॉकेल सोडून तासभर थांबलो तेव्हा सुटला. मोजला, 27.2. स्टिकरवरची धूळ ओल्या फडक्याने हळूच पुसली तर चिमटा आणि स्टे दोन्ही लिहिलेले निघाले. हेडखाली बोट फिरवलं, गुळगुळीत. 28 चा टायर लावून पाहिला, बोटभर जागा उरते. पुण्याहून बीबीच्या आतला फोटो आला, रेघा एकही नाही. हिरवी घेऊन आलो.

पाइप आतून तपकिरी झालेत, पण खपली धरलेली नाही. आता काय लावू? आणि बीबीचा उजवा कप, बेअरिंग धरणारी आट्यांची वाटी, हलतच नाही.

लेथवाला अकोला:
उत्तम झालं गुरुजी. आत उकळलेलं जवसाचं तेल घाला, पेंटच्या दुकानात मिळतं. फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, उरलेलं निथळू द्या आणि आठवडाभर सुकवा. आत पातळ पापुद्रा धरतो, घाम आणि पाऊस दोन्हींपासून गंज थांबतो. फक्त तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा.

उजवा कप इंग्लिश फ्रेममध्ये उलट्या आट्यांचा असतो. घड्याळाच्या दिशेने फिरवा, सुटेल.

पांदणवाला:
सुटला! इतके दिवस मी आवळतच होतो.