'शाळा'मधली शिरोडकर मनात काय म्हणत असेल? (नववीतल्या भाचीसाठी पुस्तकं सुचवा)

निशिगंध

नमस्कार मंडळी, इथे मुरलेले वाचक बरेच आहेत म्हणून विचारते. माझी भाची यंदा नववीत गेली, शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी वाचते पण जरा अडखळत, आणि रात्री उशिरापर्यंत फोनवर त्या इंग्लिश हायस्कूल लव्हस्टोऱ्या चालू असतात, लॉकर काय, प्रॉम नाईट काय, फुटबॉल टीमचा कॅप्टन काय. ताई वैतागलीये. मी म्हटलं वाचतेय ना, वाचू दे की, पण जोडीला आपल्याकडचंही काहीतरी हवं म्हणून माझ्या कपाटातलं मिलिंद बोकीलांचं 'शाळा' काढून दिलं, नववीतल्या मुकुंदाची आणि त्याला आवडणाऱ्या वर्गातल्या शिरोडकरची कादंबरी.

मॅडमनी चक्क संपवलं. हसली पण भरपूर, ती पोरं अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसून गप्पा ठोकतात ते तिला फार आवडलं, आणीबाणी म्हणजे काय हे मला विचारून घेतलं (मीच गुगल करून सांगितलं, ते असो). आणि मग म्हणाली, मावशी, छान आहे, पण शिरोडकर कोण आहे? म्हटलं कोण म्हणजे? तर म्हणे, तो मुकुंदा तिच्याबद्दल किती विचार करतो, ती कुठे बसली, कुठून आली, कुठे बघितलं, पण तिला काय वाटतं ते आपल्याला कळतच नाही, मग शेवटी ती गेल्यावर मला फक्त त्याचंच वाईट वाटलं, तिचं वाटायला ती हवी ना आधी.

मी गप्प. कारण मी कॉलेजात असताना हे पुस्तक डोक्यावर घेऊन नाचले होते आणि हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

तर विचारायचं असं की मराठीत पहिलं प्रेम, वयात येणं हे सगळं मुलीच्या आतून सांगितलेलं, चौदा वर्षांच्या पोरीला झेपेल असं काय आहे? लग्न, सासर, घुसमट नकोय, ते पुढे आहेच.

चष्मेबद्दूर

भाची हुशार आहे पण बोकीलांवर अन्याय करतेय असं माझं मत. अहो ते पुस्तक मुकुंदाच्या तोंडून आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत 'मी'. त्याला जे माहीत नाही ते आपल्याला कुठून कळणार? मी ज्या काळात शाळेत होतो तेव्हा मुलींची रांग वेगळी, मुलांची वेगळी, वर्षभरात एका मुलीशी चार वाक्यं बोललो असेन तर शप्पथ, आणि हाक मारायची वेळ आलीच तर आडनावानं. नाव घेतलं म्हणजे भानगड! त्यामुळे शिरोडकर ही शिरोडकरच राहते यात मला लेखकाचा आळस नाही दिसत, प्रामाणिकपणा दिसतो. लेखकानं तिच्या मनातलं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं.

आणि दुसरं, त्या पुस्तकात कोणीच कोणाला धड काही सांगत नाही. आणीबाणी काही उगाच नेपथ्याला लावलेली नाहीये. घरात, शाळेत, देशात सगळीकडे हळू बोला चाललंय, मोकळं बोलतो तो एक मुकुंदाचा नरूमामा. अशा वातावरणात पोरं प्रेमाची भाषा कुठून शिकणार, आपापसात बिल्डिंगमध्ये बसूनच ना. मुकुंदा मोठा होतो तो शिरोडकर मिळाली नाही म्हणून नव्हे, तर वडिलांची बदली झाली की माणसं अशी निघून जातात आणि आपण नववीतून दहावीत जातो आणि कोणाला काही पडलेली नसते, हे कळतं म्हणून.

कित्तूरची_चिन्नम्मा

लंपन द्या तिला लंपन!! प्रकाश नारायण संतांची चारही पुस्तकं, वनवास (१९९४), शारदा संगीत, पंखा आणि झुंबर, याच क्रमानं. आमच्या बेळगावकडचं वातावरण असल्यामुळे मी जरा जास्तच भावुक होते ते सोडून द्या, पण यातली सुमी बघा. लंपनच सांगतोय सगळं, म्हणजे चष्मेबद्दूर म्हणतात तसा इथेही 'मी'च आहे, तरी सुमी जिवंत आहे, ती चिडवते, रुसते, तिचं स्वतःचं म्हणणं असतं. म्हणजे मुलगा सांगतोय म्हणून मुलगी मुकी असलीच पाहिजे असं काही नाहीये. फरक इतकाच की लंपन तिच्याशी बोलतो, आणि बोलतो म्हणून ऐकतो.

आणि याला प्रेम म्हणायचं का तर मला नाही वाटत, प्रेमाच्या अलीकडचं काहीतरी आहे ते. पोटात काहीतरी होतं आणि त्याला काय म्हणायचं ते माहीत नसतं म्हणून तो 'मॅडसारखं' म्हणतो. संत स्वतः भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते कराडला, इंदिरा संतांचे चिरंजीव, आणि पहिलं पुस्तक आलं तेव्हा पन्नाशी उलटलेली होती, तरी दहा-बारा वर्षांच्या पोराचा आवाज कुठे फाटत नाही. एक अडचण सांगते, कानडी वळणाची भाषा आहे, इंग्लिश मीडियमच्या मुलीला सुरुवातीला जड जाईल. तुम्ही पहिली गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवा, एकदा कानात बसली की सोडणार नाही ती.

अण्णा_पेठेकर

नववी म्हणजे दहावीचा पाया. गणिताची पुस्तकं सुचवा. आमच्या वेळी हे असले प्रश्न पडत नव्हते.

चष्मेबद्दूर

अण्णा, पडत होते, विचारायची सोय नव्हती.

काळी_चिमणी

माझा आयडी बघून कळलं असेलच मी कुठल्या पिक्चरबद्दल बोलणार ते :) नागराज मंजुळेंचा फँड्री (२०१३). त्यातला शाळकरी जब्या वर्गातल्या शालूसाठी काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो, का तर तिची राख टाकली की मुलगी वश होते असं त्यानं ऐकलंय. शाळा वाचताना मला छान वाटलं होतं पण ते दुसऱ्याच्या घरातलं छान वाटणं होतं. तिथं मुकुंदाला भीती आहे ती मार बसण्याची, बोभाटा होण्याची. जब्याला भीती आहे ती शालू आपल्याला डुक्कर पकडताना बघेल याची. आमच्यात प्रेमाच्या आधी आडनाव आडवं येतं, पोरगी काय विचार करते हे तर फार पुढचं. तुम्ही भाचीला फक्त वाड्यातली आणि चाळीतली पहिली प्रेमं दाखवू नका एवढं म्हणणं आहे.

पण भाचीचा मुद्दा इथंही लागू होतो हे मान्य करावंच लागेल, शालू पण पिक्चरभर जवळपास गप्पच आहे. जब्याला जसं दिसतं तसंच आपल्याला दिसतं. नागराज मंजुळेंनी ते पुढं सैराटमधे (२०१६) उलटं केलं, तिथं आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पुढाकार तिचा, डोळे वटारून बघणारी ती, पोरगा बिचारा लाजतोय. आणि मग शेवटी काय होतं ते सगळ्या महाराष्ट्राला माहितीये. म्हणजे पोरगी गप्प बसली तर गावातून निघून जाते नाहीतर नुसती लांबून दिसत राहते, आणि बोलली तर मरते. मंजुळेंना दोष देत नाहीये, बाहेर घडतं तेच त्यांनी दाखवलं. पण चौदा वर्षांच्या पोरीनं सारखं हेच बघायचं का हा प्रश्न आहेच.

रेवा_टोरांटो

काळी_चिमणी, तुमचं शेवटचं वाचून अमेरिकन लेखिका जुडी ब्लूमची गोष्ट आठवली. तिची मुलगी तेव्हा टीनएजर होती आणि तिनं आईला सांगितलं की मला असं पुस्तक हवंय ज्यात मुलगा-मुलगी प्रेमात पडतात, जवळ येतात, आणि त्यापायी कोणाला मरावं लागत नाही. कारण तोवरच्या पुस्तकांत मुलीला शिक्षा ठरलेलीच असायची. त्यातून 'फॉरएव्हर' आलं, साल १९७५, म्हणजे आपल्याकडे आणीबाणी लागली तेच वर्ष. त्यात कोणी मरत नाही, गोष्ट मुलीच्या तोंडून आहे, आणि शेवटी तिचंच मन दुसरीकडे वळतं. अमेरिकेत शाळांच्या लायब्ररीतून ते किती वेळा काढायला लावलं त्याला गणती नाही. निशिगंधताई, भाचीला हे आत्ता नका देऊ, शरीरसंबंधांचं अगदी उघड वर्णन आहे, दोन-तीन वर्षांनी बघा.

आत्ता द्यायचं तर ॲन फ्रँकची डायरी. हसू नका. आपण ते शाळेत युद्धाचं पुस्तक म्हणून वाचतो आणि डोळे पुसून ठेवून देतो, पण मधला मोठा भाग हा एका चौदा वर्षांच्या मुलीच्या पहिल्या प्रेमाचा आहे. लपायच्या जागी वरच्या माळ्यावर पीटर, हिच्यापेक्षा अडीच वर्षांनी मोठा, लाजाळू, आणि ही वर जायला कारणं शोधतेय. १९४४ च्या एप्रिलमध्ये पहिलं चुंबन, त्याचं वर्णन वाचा, धडधड ऐकू येते. आणि मग महिन्या-दोन महिन्यांत तीच लिहायला लागते की मी याला जवळ तर ओढलं, पण मला ज्या गोष्टी बोलायच्यात त्या याच्याशी बोलता येत नाहीत. आपण प्रेमात आहोत की नुसते एकटे आहोत, हे ती स्वतःच स्वतःला विचारते. इतका स्वच्छ विचार मी तिशीत केला नव्हता.

मराठी अनुवाद आहे, फक्त कुठल्या आवृत्तीवरून केलाय ते बघून घ्या. १९४७ ला वडिलांनी छापलं तेव्हा आईबद्दलचं कडवट आणि शरीराबद्दलचं बरंच काढून टाकलेलं होतं, ते १९९१ च्या वाढीव आवृत्तीत परत आलं. भाचीला ते दुसरं हवं.

शाईचा_डाग

वय वर्षं वीस, त्यामुळे भाचीच्या जरा जवळची बोलतेय. मुली लिहीतच नाहीत असं नाहीये, मराठीत मोबाईल ॲपवर ढिगानं कथा आहेत मुलींनी लिहिलेल्या, मी दहावीत असताना तेच वाचायचे. पण त्यात हिरो कायम खडूस करोडपती आणि हिरोईन कायम साधी भोळी आणि जबरदस्तीचं लग्न आणि मग हळूहळू प्रेम! आवाज मुलीचा आहे पण तिला काय हवंय ते तिलाच विचारत नाही कोणी. म्हणून नुसतं 'मुलीच्या तोंडून' एवढी अट पुरत नाही.

आणि सरसकट सगळे म्हणतात मराठीत बायकांनी मनातलं मोकळेपणी लिहिलं नाही, तर विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चं आहे. टोपणनावानं लिहावं लागलं, कोण ही बाई म्हणून गदारोळ झाला, मग कळलं की बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालती बेडेकर. शिकलेल्या, कमावत्या मुलींना प्रेम हवंसं वाटतं आणि घरचे त्यांच्या पगाराकडे बघत बसतात, असलं सगळं. भाचीला नाही झेपणार, भाषा पण जुनी आहे. पण मावशी, तुम्ही वाचा.

निशिगंध

अरे किती छान छान लिहिलंय सगळ्यांनी. लंपन आणि ॲन फ्रँक नक्की झालं, डायरीची आवृत्ती बघून घेईन. विभावरी शिरूरकर माझ्यासाठी. अण्णा, गणिताचा क्लास लावलाय हो.

काळी_चिमणी, तुमचं म्हणणं पटलं. फँड्री मी तिच्याबरोबर बसून बघेन, एकटीला लावून देणार नाही.

चष्मेबद्दूर, तुमची पोस्ट तिला वाचून दाखवली. म्हणाली, ओके, त्याला माहीत नाही हे पटलं, पण त्यानं एकदा तरी स्वतःशी म्हणायला हवं होतं ना की मला माहीत नाही. आता याचं उत्तर तुम्हीच द्या. आणि 'शाळा'चा सिनेमा दाखवू का? तिचं पुस्तक वाचून झालंय म्हणून विचारते.

चष्मेबद्दूर

उत्तर नाहीये माझ्याकडे, पुस्तक परत काढावं लागेल.

सिनेमा जरूर दाखवा, सुजय डहाकेचा, २०१२ ला थेटरात आला होता, राष्ट्रीय पुरस्कारपण आहे. एरवी मी पुस्तकावरच्या सिनेमांना नाकं मुरडतो, पण इथं एक गंमत आहे. पुस्तकात शिरोडकर मुकुंदाच्या वाक्यांतून दिसते, तो नसेल तिथं ती नाही. सिनेमात शिरोडकर झालेली केतकी माटेगावकर समोर असते, कॅमेऱ्याला तिच्याकडे बघावंच लागतं, आणि मग ती पोरगी काही न बोलता असं काही बघते की मुकुंदाच्या लक्षात न आलेलं आपल्या लक्षात येतं. भाचीला कदाचित तिथं थोडीफार सापडेल.

कित्तूरची_चिन्नम्मा

सिनेमाबद्दल असहमत, फार गोड करून टाकलंय. पण दाखवा, आणि भाची काय म्हणते ते इथे येऊन लिहा. तिचे प्रतिसाद आपल्यापेक्षा बरे आहेत.