न्यूयॉर्कचा डाइक मार्च: पहिल्यांदाच जातेय

एडिसनवाली: यंदा जूनमध्ये डाइक मार्चला, म्हणजे लेस्बियन बायकांच्या मोर्चाला, जायचं ठरवलंय. मी लेस्बियन आहे. आईला सांगून झालंय, इथल्या मराठी मंडळात कुणालाच नाही. एकटीच येईन. मोर्चा परवानगीशिवाय निघतो म्हणे, आणि मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. फोटोंचीही धास्ती वाटते.

क्वीन्सची_मावशी: अगं, ये तू! रविवारच्या प्राइड मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी असतो. ब्रायंट पार्कपासून फिफ्थ ॲव्हेन्यूने वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कपर्यंत. पेन स्टेशनला उतरलीस की चालतच पोचशील. परवानगी मुद्दामच घेत नाहीत. हा निषेधमोर्चा आहे, मिरवणूक नव्हे, अशी १९९३ पासूनची भूमिका. कंपन्यांचे चित्ररथ नाहीत, म्हणून तर मला रविवारपेक्षा हा जवळचा वाटतो. चौकात स्वयंसेविका रस्ता अडवून उभ्या राहतात आणि मधून बायकाच बायका! ढोल, घोषणा, साठी-सत्तरीची जोडपीसुद्धा. शेवटी कित्येकजणी कारंज्यात उतरतात, जास्तीचे कपडे आण. व्हिसाचं मात्र आधी वकिलाला विचार, ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

धाकटा_भाऊ: ताई लेस्बियन आहे. तिच्यासोबत मी चाललो तर?

क्वीन्सची_मावशी: रस्ता मोर्चातल्या बायकांचा, बाळा. तू फुटपाथवरून जोरात टाळ्या वाजव, तिला फार बरं वाटेल. एडिसनवाली, फोटो कुणीही काढतं, तो खुला रस्ता आहे. टोपी-गॉगल घाल आणि घोळक्याच्या मध्ये चाल.

एडिसनवाली: मावशी, तुमच्या शेजारी चालले तर चालेल?

क्वीन्सची_मावशी: चालेल काय, वाट बघते! व्यक्तिगत निरोप पाठव.