मदत हवी आहे: गाडीत ऐकायला मराठी पुस्तकं सुचवा, शनिवारी पहाटे निघतोय

माळरान
शनिवारी पहाटे पाचला नागपूरहून ठाण्याला निघतोय, समृद्धीने. थांबत थांबत दहा तास धरलेत. गाडीत ऐकायला मराठी ऑडिओबुकं सुचवा. गाणी नकोत, पॉडकास्ट नकोत. मागच्या वेळी हौसेने एक कादंबरी डाउनलोड करून नेली होती, वर्धा यायच्या आत बंद करावी लागली. पुन्हा तसं व्हायला नको. ॲप आहे, पैसे भरलेले आहेत. फक्त नावं द्या, आज रात्रीपर्यंत.

मंजूताई
गाडीत कोण कोण आहे? लहान मुलं असतील तर वय किती? ते कळल्याशिवाय काय सुचवणार?

वऱ्हाडी गडी
भाऊ, जास्त डोकं नका लावू. पुलंचं कथाकथन त्यांच्याच आवाजात लावा. ‘म्हैस’ लावली की शेलू बाजार कधी गेलं समजत नाही. आमच्या घरी अमरावती-पुणे असो की लग्नाची वरात, पेनड्राइव्हमध्ये तेच असते. ॲपगिपची भानगड नाही, रेंजची नाही.

सांजवेळ
दहा तास हाताशी असताना तुकडे कशाला ऐकायचे? ‘मृत्युंजय’ घ्या. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडाने गोष्ट सांगतात, त्यामुळे एकाचं सांगणं संपलं की थांबायला जागा मिळते. मी दोनदा वाचलंय, ऐकताना वेगळंच भिडतं.

गतिरोधक
सांजवेळ, गाडी चालवणाऱ्याचा विचार करा. समृद्धी सरळसोट आहे, मर्यादा १२०ची. त्या रस्त्यावर एकतर डोळा लागतो नाहीतर मन भलतीकडे जातं. कर्णाची कवचकुंडलं जायच्या वेळी पुढच्या ट्रकचा ब्रेक लागला तर? वीस-पंचवीस मिनिटांच्या गोष्टी घ्या, एक संपली की दुसरी. आणि दर दोन तासांनी खाली उतरा, पुस्तक कितीही रंगात आलं असलं तरी.

सांजवेळ
मी बारा वर्षं गाडी चालवतेय आणि कादंबरीच ऐकतेय. गोष्ट पुढे काय होणार म्हणून तर जाग राहते. दर वीस मिनिटांनी नवी माणसं, नवं गाव, नवं सगळं, त्यानेच जास्त लक्ष जातं.

रबरबंद
पुस्तकाचं नंतर बघा, टायर कधी बदललेत? काँक्रीटचा रस्ता, दुपारचं ऊन आणि सलग वेग. निघायच्या आदल्या दिवशी गार टायरमध्ये हवा तपासून घ्या, स्टेपनीतलीसुद्धा. पाच वर्षांपेक्षा जुने असतील तर दाखवून घ्या. कळकळीने सांगतोय, माझ्या मेव्हण्याचा टायर तिथेच फुटला होता.

माळरान
टायर नवीन आहेत. गाडीत मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि बाबा. पुलं घरात सगळ्यांना पाठ आहेत. नावं द्या ना कोणीतरी.

ओंटारिओकर
आम्ही टोरंटोहून मॉन्ट्रियलला जाताना पब्लिक लायब्ररीच्या कार्डावर लिबी ॲपमधून ऑडिओबुकं घेतो, एक पैसा लागत नाही. मुलांना इंग्रजी कथांची गोडी त्यातूनच लागली. तुमच्याकडच्या वाचनालयात विचारून बघा.

मंजूताई
ओंटारिओकर, त्यांना मराठी हवंय आणि परवा निघायचंय.
माळरान, ती कादंबरी बंद का केली? कंटाळवाणी होती का?

माळरान
मला आवडली होती. चांगल्या नटांनी केलेली, पात्रागणिक वेगळा आवाज, पावसाचा, घोड्यांचा आवाज, सगळं. बाबा म्हणाले, “बंद कर, काही कळत नाही.” मला रागच आला. या माणसाने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. दर शनिवारी वाचनालयातून दोन पुस्तकं आणायचे. काचबिंदूमुळे आता वाचता येत नाही, म्हणून तर मी एवढा खटाटोप करतोय. आणि त्यांनाच कळत नाही?

कर्णफूल
बाबांना श्रवणयंत्र आहे का? आणि त्या कादंबरीत बोलण्याच्या मागे सतत संगीत होतं का?

माळरान
हो, दोन्ही कानांना आहे, दीड वर्ष झालं. संगीत होतं. पण घरी आमच्याशी नीट बोलतात, म्हणून लिहिलं नाही.

कर्णफूल
मग अडचण पुस्तकाची नव्हती. मी श्रवणयंत्रं बसवण्याचं काम करते, रोज हेच ऐकते. वयामुळे ऐकणं कमी होतं तेव्हा आधी उंच पट्टीतले बारीक आवाज जातात. स, श, फ ही अक्षरं तिथेच असतात. म्हणून आवाज येतो, पण शब्द लागत नाही. समोरासमोर बोलताना ओठ दिसतात, घर शांत असतं, निभतं. गाडीत टायरचा घरघराट, एसीचा पंखा, वर पुस्तकातला पाऊस आणि व्हायोलिन. यंत्र बोलणं वाढवतं तसा गोंगाटही वाढवतं. तुम्ही आवाज मोठा केला असेल तर संगीतही मोठं झालं.

आता असं करा. एकाच माणसाने वाचलेलं, मागे संगीत नसलेलं पुस्तक घ्या. विकत घ्यायच्या आधी नमुना ऐका, पण पहिलं मिनिट सोडून, कारण सुरुवातीला संगीत बहुतेक सगळ्यांतच असतं. बाबांना पुढे तुमच्या शेजारी बसवा. स्टीरिओत बास कमी, ट्रेबल थोडा जास्त, आवाजाचा तोल पुढच्या स्पीकरकडे. खिडक्या बंद, एसीचा पंखा हळू. ॲपमध्ये वेग ०.९ करून बघा. यंत्र नवीन आहे, त्यात ब्लूटूथ असेल तर फोनचा आवाज थेट यंत्रातही येऊ शकतो, पण मग बाकीच्यांना ऐकू येईल की नाही ते घरीच तपासा.

सांजवेळ
म्हणजे नाट्यरूपांतर करणाऱ्यांची मेहनत वायाच म्हणायची का? काही पुस्तकं त्या आवाजांमुळेच जिवंत होतात.

कर्णफूल
वाया कशी जाईल? तुमच्यासाठी ती उत्तमच आहेत. या गाडीत ज्यांच्यासाठी लावायचंय, त्यांच्यासाठी ती नकोत.

घडीव
निघायच्या आधीचं काम: पुस्तक ॲपमध्येच पूर्ण डाउनलोड करा आणि फोन विमान मोडवर टाकून चालतंय ना बघा. इगतपुरीच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात रेंजच्या भरवशावर राहू नका. अशा ॲपमधली पुस्तकं पेनड्राइव्हवर कॉपी होत नाहीत, तेव्हा फोन आणि चार्जर लागणारच. आणि नकाशाची बाई मध्येच बोलते, वाक्य तोडते. एवढ्या सरळ रस्त्यावर तिचा आवाज बंदच ठेवा.

पानोपानी
काचबिंदूमुळे वाचता येत नसेल तर सुगम्य पुस्तकालय बघा. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी २०१६मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे. डोळ्यांचे कागद जोडून सभासद व्हावं लागतं, शनिवारपर्यंत होणार नाही, पण पुढे उपयोगी पडेल. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने अशा वाचकांसाठी पुस्तकं दुसऱ्या स्वरूपात आणायला वाट करून दिली आहे, हे फार लोकांना माहीतच नाही.

मंजूताई
अकरा वर्षांची मुलगी आणि मराठी शिकवलेले आजोबा, दोघांना चालेल असं माझ्या मते ‘श्यामची आई’. एकेक रात्र म्हणजे एकेक प्रकरण, अशा ४२ रात्री. गतिरोधक म्हणतात तसं छोटं, सांजवेळ म्हणतात तसं सलग. बऱ्याच जणांनी वाचलंय, साधं एका आवाजातलं शोधा.

वऱ्हाडी गडी
ताई, पोरगी रडली तर? माझी बहीण अजून रडते. पुलं सोबत ठेवाच भाऊ, पाठ असलेलं ऐकायची मजा वेगळी असते. शब्द नाही लागला तरी पुढचं ठाऊक असते.

कर्णफूल
वऱ्हाडी गडी, हे फार बरोबर बोललात. ओळखीचं पुस्तक असलं की सुटलेला शब्द मन भरून काढतं. नवं पुस्तक गाडीत नको, ते घरी शांतपणे ऐकू द्या.

माळरान
(सोमवार)
पोहोचलो. एक सांगायचं राहिलं होतं, बाबांना कायमचं ठाण्याला आणलंय. नागपूरचं घर बंद केलं. म्हणून निघताना गाडीत कोणी बोलत नव्हतं.

‘श्यामची आई’ लावलं, एका आवाजातलं. बास उतरवला, पंखा एकवर. पहिली पाच मिनिटं बाबा उजवा हात कानामागे धरून बसले होते. मग हात खाली आला. वाचणाऱ्याने एका शब्दावर चुकीचा जोर दिला तसं बाबांनी डॅशबोर्डवर बोटाने टकटक केलं, शाळेत फळ्यावर करायचे तसं. मुलगी मागून पुढे झुकली. वाक्य संपायच्या आत बाबा पुढचं वाक्य म्हणायला लागले, तीन-चार ठिकाणी अगदी शब्द न् शब्द. तिने मला पुस्तक थांबवायला सांगितलं आणि त्यांना विचारलं, “आजोबा, खोत म्हणजे कोण?” जालना येईपर्यंत पुस्तक बंदच होतं, बाबा बोलत होते. मला झोप यायचा प्रश्नच आला नाही.

जेवायला थांबलो तेव्हा बाबा हात धुवायला उतरताना म्हणाले, “मी येईपर्यंत लावू नका.”

बोगद्यातही चालू राहिलं, घडीव यांचे आभार. कर्णफूल, तुमचे किती मानू कळत नाही. दीड वर्ष मी त्यांच्यावर चिडत होतो.

अठरा रात्री झाल्या, बाकीच्या रोज जेवणानंतर ऐकतोय. सुगम्यचा अर्ज भरलाय, पण तोवर हे संपेल. पुढचं काय लावू? एकच आवाज, मागे संगीत नाही, आणि बाबांनी पूर्वी वाचलेलं असण्याची शक्यता जास्त. या वेळी सगळं लिहिलंय, नावं द्या.

रबरबंद
सुखरूप पोहोचलात, बरं वाटलं. तेवढा टायरचा दाब एकदा परत बघून घ्या.

सांजवेळ
‘स्वामी’. नमुना ऐकून ठेवते, संगीत आहे की नाही ते रात्री लिहिते.