सट्टा-जुगार सोडवायला गोळी असते का? नाल्ट्रेक्झोनबद्दल नेमकी माहिती हवी

प्रश्न : समुदाय आरोग्य अधिकारी, यवतमाळ जिल्हा

नमस्कार. उपकेंद्रात बाया सरळ विचारतात, "मॅडम, दारू सोडाची गोळी भेटते, तशी सट्ट्याची नाही भेटत का?" पट्टी (आकड्यांवरचा सट्टा, मटका) आणि मोबाइलवरची रम्मी असे दोन्ही प्रकार आहेत. कापसाचा चुकारा हाती आला की आठ दिवसांत खातं रिकामं होतं. नाल्ट्रेक्झोन चालतं असं वाचलं आहे. मला तीन गोष्टी हव्या आहेत : ते खरंच उपयोगी आहे का, सुरू करण्याआधी काय तपासायचं, आणि पेशंट दवाखान्यात यायलाच तयार नसेल तर घरच्यांनी वरणात मिसळून दिलं तर चालेल का? यातले बरेच जण कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल घेतात, हेही लक्षात घ्या.

उत्तर १ : मनोविकारतज्ज्ञ, वर्धा

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण जिवाला धोका तिथे आहे. मिसळून अजिबात द्यायचं नाही. अफूवर्गीय औषधं मेंदूत ज्या जागांवर (ओपिऑइड रिसेप्टरवर) काम करतात, तिथे नाल्ट्रेक्झोन जाऊन बसतं आणि तिथलं ट्रॅमाडॉल किंवा कोडीन हुसकावून लावतं. माणूस रोज ट्रॅमाडॉल घेत असेल तर पहिल्या गोळीनंतर तासा-दोन तासांत उलट्या, जुलाब, घाम, अंगदुखी आणि प्रचंड बेचैनी सुरू होते. घरच्यांना वाटतं विषबाधा झाली, आणि डॉक्टरला खरं सांगायची कोणाची हिंमत होत नाही. शिवाय न सांगता औषध देणं कायद्याने आणि नीतीनेही चूक आहे. न सांगता देऊ नये हे दारू सोडवायच्या डायसल्फिराम गोळीलाही लागू.

आता उपयोगाचं. जुगारासाठी म्हणून मान्यता मिळालेली एकही गोळी अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडेही नाही. नाल्ट्रेक्झोन मूळचं दारू आणि अफूवर्गीय व्यसनांचं औषध. जुगारासाठी मनोविकारतज्ज्ञ ते मान्यतेबाहेरचा वापर म्हणून, पेशंटला तसं सांगून देतात. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या जानेवारी २०२५च्या मार्गदर्शक सूचनांतही आधी समुपदेशन आणि ते पुरेसं पडलं नाही तर नाल्ट्रेक्झोन, असाच क्रम आहे. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८ आठवड्यांच्या अमेरिकी चाचणीत ७७ जण होते. औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक किमान महिनाभर जुगाराशिवाय राहिले, औषध नसलेल्या साध्या गोळीवर सुमारे १० टक्के. त्यात ५०, १०० आणि १५० मिग्रॅ असे तीन डोस होते आणि त्यांच्या परिणामात ठळक फरक दिसला नाही. म्हणून ५०वर फायदा दिसत नाही तर लगेच दुप्पट करा, या घाईला अर्थ नाही. चाचणी लहान आहे, हेही विसरू नये.

फायदा जास्त कोणाला? ज्यांना जोराची तलफ येते, "आता नाही लावलं तर डोकं फुटेल" असं जे सांगतात, आणि ज्यांच्या घरात बापाला-भावाला दारूचं व्यसन आहे, त्यांना. कर्ज फेडायचं म्हणून थंड डोक्याने लावणाऱ्याला गोळीचा उपयोग कमी.

सुरू करण्याची पद्धत : ट्रॅमाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, अफूवर्गीय काहीही बंद करून किमान ७ ते १० दिवस जायला हवेत. मात्र रोज घेणाऱ्याचं ट्रॅमाडॉल एका दिवसात तोडू नका, डॉक्टरच्या देखरेखीत कमी करत न्या. मग यकृताची तपासणी, म्हणजे एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन. प्राथमिक आरोग्य केंद्रातून महालॅब या सरकारी तपासणी सेवेला नमुना मोफत जातो. कावीळ किंवा हिपॅटायटिस चालू असेल तर सुरू करायचं नाही. पहिले तीन-चार दिवस ५० मिग्रॅची अर्धी गोळी जेवणानंतर, मग रोज एक. मळमळ, डोकेदुखी, गरगरणं बहुधा पहिल्या आठवड्यात होतं आणि बरेच जण तिथेच औषध सोडून देतात. उपाशीपोटी घेऊन वावरात गेलेल्या माणसाला तर होणारच. महिन्याने यकृताची तपासणी पुन्हा. गुण येतो का हे दोन-अडीच महिन्यांनी ठरवावं. आला तर साधारण ३ ते ६ महिने चालू ठेवतात.

उत्तर २ : औषधनिर्माता, दर्यापूर

डॉक्टरसाहेबांनी ट्रॅमाडॉलचं सांगितलं ते बरोबर, पण पेशंटला नाव माहीत नसतं. तो म्हणतो "कंबरेची गोळी". घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणायला सांगा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. पॅरासिटामॉलसोबत ट्रॅमाडॉल असलेल्या जोडगोळ्या खूप चालतात, त्यावर मोठ्या अक्षरात भलतंच नाव असतं.

ती पिशवी बघताना आणखी तीन नावं शोधा : प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल, अॅरिपिप्राझोल. पहिली दोन कंपवाताला आणि रात्री पाय वळवळतात त्याला देतात, तिसरं मानसिक आजारात. या औषधांनीच काही जणांत जुगाराची ओढ निर्माण होते. अॅरिपिप्राझोलबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६मध्ये तसा इशारा दिला आहे. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेला साठीचा माणूस गोळ्या सुरू झाल्यावर सट्ट्याच्या नादी लागला, तर त्याला नाल्ट्रेक्झोन नको, मूळ औषध बदलून हवं. पण स्वतःहून एकदम बंद करू नका, ज्यांनी लिहिलं त्यांच्याकडेच पाठवा.

नाल्ट्रेक्झोन चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि तालुक्याच्या मेडिकलवर बहुतेकदा मागवावं लागतं. जिल्हा रुग्णालयात आहे का ते निघण्याआधी फोनवर विचारा, नाहीतर एक दिवसाची मजुरी बुडते आणि पेशंट पुन्हा येत नाही.

उत्तर ३ : समुपदेशक, चंद्रपूर जिल्हा

गोळीने तलफ कमी होते, पण हातातला पैसा आणि डोक्यातला हिशेब तसाच राहतो. तिथे आपलं काम आहे. पट्टी लावणारा सांगतो, "ओपन (पहिला आकडा) लागला, क्लोज (दुसरा) एका घराने हुकला." त्याच्या मते तो जिंकता जिंकता राहिला. त्याच्यासमोर कागद घ्या. आकडे दहा, आणि लागला तर रुपयाला साधारण नऊ मिळतात. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर जातात, नव्वद येतात. पुढचा आकडा मागच्याला ओळखत नाही. हे त्याच्याच हाताने लिहून घ्या, आपण भाषण देऊन उपयोग नाही. रोजच्या वहीत तीनच गोष्टी : तलफ किती (० ते १०), कधी आली, किती पैसे गेले. गोळी लागू पडते का हे डॉक्टरलाही त्या वहीवरूनच कळतं.

पैशाचं काम चुकारा यायच्या आधी करायचं. कापूस-सोयाबीनची रक्कम त्याच्या संमतीने बायकोच्या किंवा आईच्या खात्यात, त्याच्या फोनवरचं यूपीआय बंद किंवा मर्यादा अगदी कमी. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, तरी लिंका फिरतातच. म्हणून फोनमधली अॅपं काढून पुरत नाही, पैसे जायची वाट बंद करावी लागते. सातबारा सावकाराकडे अडकला असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अवैध सावकारीची तक्रार करता येते. घरच्यांनी गुपचूप कर्ज फेडून टाकू नये, त्याने पुढच्या डावाला जागा होते. पोळा, दिवाळी आणि आयपीएलच्या दिवसांत आठवड्याला एक फोन ठरवून ठेवा.

आणि हे सगळ्यात आधी : मोठी हार झाली किंवा कर्ज घरी उघड झालं की ते दिवस आत्महत्येच्या दृष्टीने फार धोक्याचे. "मरावंसं वाटतं का?" हे थेट विचारा. विचारल्याने विचार वाढत नाही. फवारणीचं औषध घरातून हलवून दुसऱ्याकडे कुलपात ठेवायला लावा. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली मानस १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात.

प्रश्नकर्ती

सर, एक राहिलं. काहींना आधीपासून नैराश्याच्या गोळ्या सुरू आहेत. त्यानेच जुगार सुटेल का?

मनोविकारतज्ज्ञ, वर्धा

ताई, नैराश्य असेल तर त्यासाठी त्या चालू ठेवाव्यात. निव्वळ जुगारावर त्यांचे निकाल उलटसुलट आहेत. मात्र एक विचारा : जुगाराच्या काळात तो दोन-तीन तास झोपूनही ताजा असतो का, मोठमोठ्या योजना सांगतो का, खर्च सगळीकडूनच वाढलाय का? तसं असेल तर तो उन्माद असू शकतो, आणि नुसती नैराश्याची गोळी त्याला भडकवू शकते. अशा पेशंटला लिथियमसारखं औषध लागतं, लवकर पाठवा.

औषधनिर्माता, दर्यापूर

गोळी सुरू झालेल्या प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी असू द्या : "मी नाल्ट्रेक्झोन ५० मिग्रॅ रोज घेतो. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन, फेंटानिल लागू पडणार नाही." खाली शेवटच्या गोळीची तारीख, रोज पेन्सिलने बदलायची. अपघातात हाड मोडलं तर भूल देणाऱ्याला हे आधी कळलं पाहिजे. ठरलेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरला विचारून साधारण तीन दिवस आधी गोळी थांबवतात.