ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते, दोनदा डिस्क बदलून झाल्या. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक, 66 हजार किमी झालेत. पुढे डिस्क, मागे ड्रम. मी कोल्हापुरात राहतो, गाव साखरप्याजवळ. आईला दर महिन्याला तपासणीसाठी इकडे आणतो आणि परत सोडतो, म्हणजे आंबा घाट महिन्यातून चार वेळा होतो. त्यातल्या एका उताराला आई शेजारी बसलेली असते. मागच्या खेपेला वळणाआधी ब्रेक दाबला, स्टिअरिंग हातात थरथरायला लागले आणि तिने एका हाताने माझा दंड घट्ट धरला. काही बोलली नाही. तेव्हापासून मला चैन नाही.

त्रास असा. हायवेला 80-90 वर असताना हलका ब्रेक लावला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे थरथरते आणि पेडलही पायाखाली वरखाली होते. वेग उतरतो तशी थरथर संथ होते, 40 च्या खाली कळतही नाही. ब्रेक न लावता 100 ला गाडी एकदम शांत. अलाइनमेंट-बॅलन्सिंग दोनदा करून झाले, फरक शून्य.

पहिल्यांदा हे 51 हजारला सुरू झाले. गॅरेजवाले म्हणाले, "डिस्क बेंड झाल्यात." पुढच्या दोन्ही डिस्क आणि त्यांना दाबणारे पॅड बदलले. गाडी मस्त झाली, आणि चार-पाच हजार किमीनंतर परत तेच. 59 हजारला पुन्हा नव्या डिस्क, पुन्हा पॅड. आता 66 हजार, परत तेच. गॅरेजवाले म्हणतात, तुम्ही घाटात ब्रेक फार वापरता. पण मी घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरतो, आणि पहिले 50 हजार किमी हाच घाट, हाच ड्रायव्हर असून काही झाले नव्हते.

तिसऱ्यांदा पैसे घालायची तयारी आहे, पण आधी कारण कळायला हवे. एक सांगायचे राहिले, 47 हजारला चारही टायर नवे घातले होते. त्याचा संबंध असेल का माहीत नाही.

प्रतिसाद

दादा, आधी पुढचे की मागचे ते नक्की करा. स्टिअरिंग हलतेय म्हणजे बहुतेक पुढचेच. मागच्या ड्रममध्ये दोष असला तर थरथर सीटला आणि बॉडीला जास्त जाणवते. खात्री करायची तर मोकळ्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर 50-60 ला बटण दाबून धरूनच हँडब्रेक हळूहळू ओढा. त्याने फक्त मागचे ब्रेक लागतात. गाडी थरथरली नाही तर ड्रम निर्दोष. मागे-पुढे वाहन असेल तर हा प्रयोग करू नका.

प्रतिसाद

एबीएसचे (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) तर नाही ना? पेडल हलते म्हणालात म्हणून विचारले.

धागाकर्ता

नाही. एबीएस लागले की पेडलला खडखड झटके बसतात आणि तेही जोरात ब्रेक मारल्यावर किंवा टायर घसरल्यावर. इथे हलक्या ब्रेकलाच होते, आणि चाकाच्या फेऱ्यांच्या तालात. हँडब्रेक ओढून पाहिला, गाडी सरळ शांत थांबली. म्हणजे पुढचेच.

प्रतिसाद

तुमच्या धाग्यात उत्तर आहे: नवी डिस्क बसवली की चार-पाच हजार किमी छान, मग त्रास. हे वाकलेल्या डिस्कचे लक्षण नाही. वाकलेली असती तर पहिल्या दिवसापासून हलली असती.

होते काय ते सांगतो. डिस्क हबवर (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) तंतोतंत सपाट बसली नाही तर ती फिरताना किंचित डुलते. समजा 0.1 मिमी. एवढ्याने स्टिअरिंगला लगेच काही कळत नाही, कारण कॅलिपर (पॅड धरणारा भाग) डिस्कसोबत सरकून घेतो. पण ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेरीला डिस्कची तीच बाजू पॅडला घासून जाते. हॅचबॅकच्या टायरला किलोमीटरला साधारण साडेपाचशे फेऱ्या होतात. हजारो किलोमीटर तीच जागा घासली गेली की तिथे डिस्क पातळ होते. मग ब्रेक दाबल्यावर पातळ-जाड, पातळ-जाड अशी पॅडखालून जाते, पिस्टन मागेपुढे ढकलला जातो आणि तोच धक्का तेलातून पेडलला आणि चाकातून स्टिअरिंगला येतो. जाडीत 0.02 मिमीचा फरकही हाताला कळतो.

आता डिस्क सपाट का बसत नाही? एक, हबच्या तोंडावर गंजाची खपली. कोकणातल्या पावसात गाडी उभी राहत असेल तर हे होतेच. जुनी डिस्क काढून नवी लावताना हब घासला नाही तर नवी डिस्क त्याच खपलीवर बसते. दोन, नट. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट आवळतात, एक फार घट्ट, दुसरा त्याहून कमी. डिस्क तिरकी ओढली जाते. तुमचे 47 हजारचे टायर मला त्यासाठीच खटकतात. तीन, हब किंवा बेअरिंगच तिरपे. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम आहेत का तेही बघाच.

मोजल्याशिवाय काही बदलू नका. कोल्हापूरला डायल गेज (बारीक डुलणे काट्यावर दाखवणारे माप) मिळत नाही असे म्हणू नका, शिरोली एमआयडीसीत आणि उद्यमनगरात जागोजागी मशीनशॉप आहेत. चाक काढा, डिस्क वॉशर घालून नटांनी हबला आवळा (नुसती ठेवलेली डिस्क मोजलीत तर आकडा खोटा येईल), गेजची सुई डिस्कच्या कडेपासून 10 मिमी आत टेकवा आणि हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. जाडी मायक्रोमीटरनेच मोजा, आठ ठिकाणी. व्हर्नियर लावलात तर तो कडेच्या न घासलेल्या उंचवट्यावर टेकतो आणि जाडी जास्तच दाखवतो.

धागाकर्ता – मोजमाप झाले

धाकटा भाऊ शिरोलीला मशीनशॉपमध्ये आहे. रविवारी त्याने डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड आणला. अंगणात जॅकसोबत स्टँड लावून, मागच्या चाकांना दगड लावून बसलो.

उजवी बाजू: डिस्क फिरवताना काटा 12 घरे फिरला, म्हणजे डुलणे 0.12 मिमी. जाडी 16.71 ते 16.74, फरक 0.03. डिस्क काढली तर हबच्या तोंडावर दोन स्टडच्या (नट ज्यांवर बसतात ते बोल्ट) मध्ये तपकिरी खपली, नखाने उचलली तर पापुद्रा निघाला. डिस्कच्या आतल्या बाजूला बरोबर त्याच जागी चकचकीत डाग, जिथे ती खपलीवर टेकून बसली होती. हे बघून मी दोन मिनिटे नुसता बसून राहिलो. दोन डिस्कच्या जोड्या या एका खपलीवर गेल्या.

वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने हब चमकेपर्यंत घासला. स्टडच्या बुंध्याशी ब्रश पोचत नाही, तिथे पेपर बोटाला गुंडाळून फिरवला. नुसत्या हबचे डुलणे 0.02 आले. डिस्क परत लावली, 0.05. मग ती एक स्टड पुढे फिरवून बसवली, 0.03. हा उपाय भावाला माहीत होता, मला नव्हता. पिना मोकळ्या निघाल्या, तरी ग्रीस बदलले.

डिस्कवर किमान जाडी 15 कोरलेली आहे, म्हणून फेकल्या नाहीत. दोन्ही लेथवर कातून सपाट करून घेतल्या, पॅड सपाट काचेवर पेपर ठेवून घासले. नट गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे 85 न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्याने, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. मग उचगाव फाट्यापुढे मोकळ्या पट्ट्यात 60 वरून 20 पर्यंत दहा वेळा मध्यम ब्रेक, मध्ये गाडी पूर्ण थांबवली नाही. गरम पॅड एकाच जागी दाबून धरला तर डिस्कवर त्याचा ठसा उमटतो म्हणून.

थरथर गेली. 90 वरून ब्रेक लावला, स्टिअरिंग जागचे हलले नाही.

पण एक प्रश्न उरलाय. डाव्या बाजूला खपली कमी होती, तरी हब घासल्यावर नुसत्या हबचेच डुलणे 0.04 येते. डिस्क लावून कडेला 0.08, स्टड बदलून 0.05 वर आले. चाक धरून हलवले तर खेळ नाही, फिरवताना आवाज नाही. बेअरिंग-हब आत्ताच बदलू का?

प्रतिसाद

0.05 वर गाडी वापरा. तीन हजार किमीनंतर डावी डिस्क पुन्हा मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजा. फरक 0.01 च्या आत असेल तर हात लावू नका, त्याच्या वर गेला तर हब बदला, नुसती डिस्क बदलून उपयोग नाही. आणि पुढच्या वेळी पंक्चर काढायला गेलात तर नट गनने आवळू देऊ नका, टॉर्क पाना डिकीतच ठेवा.