मराठवाडा अजून ‘निजाम’मध्येच?

परभणीकर: आमच्या गावातील चित्रपटगृहाचे व्यवस्थापक बोलता बोलता म्हणाले, की हिंदी चित्रपटांच्या व्यापारात आपला भाग ‘निजाम सर्किट’मध्ये, म्हणजे त्या नावाच्या वितरण विभागात, मोडतो. मराठवाडा १९५६ मध्येच हैदराबाद राज्यातून बाहेर पडला. मग ही विभागणी कशी टिकली?

नांदेडकर: वितरणाची सर्किटे आजच्या राज्यांच्या सीमांवरून नव्हे, तर जुन्या संस्थानी आणि ब्रिटिशकालीन विभागांवरून पडली, म्हणूनच बीदर, गुलबर्गा आणि रायचूरही आपल्यासोबत ‘निजाम’मध्येच मोजले जातात. निर्माता सर्किटनिहाय हक्क विकतो. वितरक कधी किमान हमीची रक्कम देतो, म्हणजे चित्रपट पडला तरी ती परत मिळत नाही, तर कधी केवळ कमिशनवर काम करतो आणि तोट्याची जोखीम निर्मात्याकडेच राहते.

लातूरकर: वरील उत्तरात एक भर घालतो. पूर्वी प्रती मोजक्या असल्याने तालुक्याच्या गावी चित्रपट उशिरा पोहोचत असे. आता तो उपग्रहाद्वारे किंवा हार्डडिस्कवरून येतो आणि ठरलेल्या मुदतीपुरत्या डिजिटल किल्लीनेच उघडतो. जाहिरात मात्र आमच्याकडे अजूनही भोंगा लावलेली रिक्षाच करते, आणि माझ्या मते मोबाइलवरील ट्रेलरपेक्षा तिचाच आवाज बाजारात अधिक पोहोचतो.

परभणीकर: आभारी आहे. मराठी चित्रपटांचे हक्कही असेच विभागून विकले जातात का?

नांदेडकर: मराठीसाठी बहुधा संपूर्ण महाराष्ट्र एकत्रच धरतात.